पाऊण माणूस

ही गोष्ट खरी आहे. पटली नाही तरी चालेल. ज्याच्या बाबतीत घडली त्यालाही ती नीटशी पटलेली नाही, आणि तो अजूनही रोज त्याच खोलीत बसून डबा खातो.

एक आधीच सांगितलेलं बरं. यात रात्र नाही. वारा घोंघावत नाही, कुत्री रडत नाहीत. जे घडलं ते दुपारी, जेवणानंतर, जांभया द्यायच्या वेळेला. थंडी नुकती पडायला लागली होती. जागा म्हणजे एक जुनी कचेरीची इमारत, तिसरा मजला, लिफ्टच्या मागची खोली.

भुतांना वेळेचं भान नसतं असं म्हणतात.

याला होतं. जरा जास्तच होतं.

त्याला घरी ठोकळा म्हणत. हे नाव त्याच्या बाबांनी ठेवलेलं. लहानपणी पडला तरी रडायचा नाही, बक्षीस मिळालं तरी हसायचा नाही, म्हणून. पुढे सगळेच म्हणायला लागले. त्याने कधी हरकत घेतली नाही. ठोकळा हरकत कशाला घेईल.

मोठा झाल्यावर त्याला कामही साजेसं मिळालं. जुन्या इमारती कॉम्प्युटरमध्ये पुन्हा बांधायच्या. भिंती, काचा, छप्पर, आतले हीटर, एसी, सगळं जसंच्या तसं भरायचं. मग कॉम्प्युटरला सांगायचं, आता या इमारतीचं एक वर्ष चालवून दाखव. कॉम्प्युटर चहा निवायच्या आत वर्ष चालवतो आणि किती वीज लागली ते सांगतो. तो आकडा खऱ्या मीटरशी ताडून बघायचा. जुळला की मॉडेल पक्कं. मग कुठलं यंत्र काढावं, कुठलं ठेवावं, हे त्या मॉडेलला विचारता येतं.

पहिल्या फटक्यात कधीच जुळत नाही. नवा एसी कागदावर लिहिल्यासारखा चालतो. जुना एसी आपल्या मनासारखा चालतो. कुणी त्याच्या तोंडाशी कपाट सरकवलेलं असतं, कुणी तापमान बघणाऱ्या थर्मोस्टॅटवर टोपी टांगलेली असते. हे सगळं हुडकून मॉडेलमध्ये घालायचं, म्हणजे खोट्या इमारतीला खऱ्या इमारतीचे आजार लावायचे.

या कामात माणूसही एक यंत्रच असतो. खुर्चीत बसलेला माणूस साधारण शंभर वॉटच्या बल्बइतकी गरमी सोडतो. झोपलेला कमी, जिना चढणारा जास्त. त्याचा सॉफ्टवेअरमध्ये तक्ताच आहे. झोपणे, बसणे, टाइप करणे, झाडून काढणे, करवतीने लाकूड कापणे, नाचणे. माणूस कुणाचा कोण लागतो, त्याला काय वाटतं, याला रकाना नाही.

शिवाय सॉफ्टवेअरला अपूर्णांक चालतात. खोलीत अर्धा माणूस घालता येतो. पाऊण घालता येतो. ते काही म्हणत नाही. ऑफिसात यावरचे सगळे विनोद करून संपले होते.

बाबा त्याच वर्षी गेले. उन्हाळ्याच्या तोंडाला.

शेवटचं वर्षभर त्यांना थंडी वाजायची. आधी एक स्वेटर, मग त्यावर दुसरा, मग हीटरसमोर खुर्ची. डॉक्टरांनी रक्त तपासलं, थायरॉइड तपासलं, छातीचा फोटो काढला. सगळं ठणठणीत. वयानुसार होतं, म्हणाले. एका सकाळी बाबा उठले नाहीत. ठोकळ्याने त्यांच्या कपाळाला हात लावला. कपाळ गार होतं. पण ते महिनाभर तसंच गार होतं, त्यामुळे त्याला कळायला जरा वेळ लागला.

तो रडला नाही. लोकांना चहा दिला, खुर्च्या आणल्या, खुर्च्या परत केल्या. चार दिवसांनी कामावर गेला. ताई त्याच्यावर चिडली होती. ताई म्हणजे त्याची मोठी बहीण. आता घरात ती आणि तो, एवढेच. ती म्हणाली, एकदा तरी रड रे, मला एकटीला भारी पडतंय. तो म्हणाला, बघतो.

ताई एका बेकरीत कामाला होती. पहाटे उठून जायची, कणीक मळायची, भट्ट्यांसमोर उभी राहायची. उन्हाळ्यात घरी येऊन पंख्याखाली आडवी व्हायची.

त्या थंडीत एक दिवस तिच्या मालकाने तिला हटकलं. भट्टीसमोर स्वेटर घालून उभी होती म्हणून.

घरी येऊन ते तिने विनोद म्हणून सांगितलं.

ठोकळा हसला नाही. तसा तो एरवीही हसत नसे, त्यामुळे तिच्या लक्षात आलं नाही.

त्याच आठवड्यात त्याच्याकडे त्या कचेरीच्या इमारतीचं मॉडेल होतं. मोजमापं टाचणीने आणली होती. टाचणी म्हणजे त्याच्याबरोबर काम करणारी मुलगी. इमारतींत हिंडून सेन्सर लावणं, मीटरच्या नोंदी उतरवणं तिच्याकडे. बारीक चण, टोकदार जीभ, म्हणून टाचणी. तिने गेल्या दीड वर्षाच्या, तासातासाच्या नोंदी आणून दिल्या आणि सांगितलं की हे प्रकरण सोपं आहे, डुलक्या काढत होईल.

झालंही तसंच. पूर्ण इमारत जुळली.

एक खोली सोडून.

तिसऱ्या मजल्यावरची ही खोली पूर्वी टेलिफोनच्या यंत्रांची होती. यंत्रं तापत, म्हणून तिला स्वतःचा एसी, स्वतःचं मीटर. मग यंत्रं भंगारात गेली. एसी बंद करायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही. रिकामी, कुलूपबंद, बिनखिडकीची खोली वर्षानुवर्षं थंड केली जात होती. असल्या गोष्टी सापडल्या की ठोकळ्याचे साहेब खूश होत. अहवालात एक ओळ लिहायची, हा एसी बंद करा. काम फत्ते.

पण त्याआधी आकडा जुळायला हवा. नाहीतर अहवाल परत येतो.

मॉडेलमधल्या खोलीत दिवा नव्हता, यंत्र नव्हतं, माणूस नव्हता. एसीला जवळपास कामच नव्हतं.

खरा एसी मात्र काम करत होता.

खोलीत काहीतरी गरम होतं... आणि ते सतत होतं.

ठोकळ्याने आधी एसीवर संशय घेतला. मशीन म्हातारं झालं असेल, जास्त वीज खात असेल. पण म्हातारं मशीन सगळा वेळ जास्त खातं. हे तासातासाला बदलत होतं. मग त्याने लिफ्टच्या मोटरवर संशय घेतला. लिफ्ट सुट्टीच्या दिवशी बंद असते. फरक सुट्टीच्या दिवशीही होता. वरच्या मजल्याचं पाणी, शेजारच्या भिंतीतला पाइप, सगळं घालून झालं. फरक ढिम्म हलेना.

साहेब मागून बघत होते. ते म्हणाले, माणूस घाल एक आणि मोकळा हो.

या धंद्यात हे चालतं. काही केल्या जुळलं नाही की एक खोटा माणूस खोलीत बसवतात. कुणी विचारलं तर सांगायचं, पहारेकरी बसत असेल.

ठोकळ्याने माणूस घातला. माणूस घातला की त्याचा दिनक्रम द्यावा लागतो. कधी बसतो, कधी झोपतो, कधी हिंडतो. दिनक्रम बनवायचा त्याला कंटाळा आला. त्याला एकाच माणसाचा दिनक्रम पाठ होता, तोच भरला. पहाटे उठून घरातल्या घरात येरझाऱ्या. मग पेपर. जेवण. झोप. उठून रेडिओ. पुन्हा झोप, मधेच बाथरूमला जायला उठणं.

बाबांचा.

विनोद म्हणूनच केलं होतं. स्वतःशीच. तो त्याचा विनोदाचा प्रकार होता.

वर्ष चालवलं.

पडद्यावर दोन रेषा आल्या. एक खऱ्या मीटरची, एक मॉडेलची. त्या दोन रेषा...

एकच दिसत होत्या.

त्याला वाटलं दुसरी रेषा काढायची राहिली. तपासलं. दोन्ही होत्या. एक दुसरीखाली झाकलेली.

हे गेल्या थंडीच्या शेवटच्या महिन्याचं झालं. त्याच्या मागचे महिने मात्र जुळत नव्हते. चाल तीच होती, फक्त कमी भरत होतं. त्याने आधीच्या महिन्यात पाऊण माणूस घातला. जुळला. त्याच्या बऱ्याच आधी अर्धा. जुळला. नोंदी सुरू झाल्या तिथे जेमतेम एकदशांश.

म्हणजे त्या खोलीत कुणी शिरलं नव्हतं.

कुणीतरी थोडं थोडं करून येत होतं.

तो उठला, पाणी प्यायला, परत येऊन बसला. दर गुरुवारी संध्याकाळी एक उंचवटा उरत होता. बाबा गुरुवारी फिरायला जात. त्याने चालणं घातलं. कमी पडलं. जिना चढणं घातलं. कमी पडलं. लाकूड कापणं जास्त झालं. मग तक्त्यात जे उरलं होतं ते घातलं.

नाचणे.

दोन रेषा पुन्हा एक झाल्या.

आता बाबा आणि नाच. बाबा म्हणजे कुणाच्या लग्नात सगळे नाचत असले की एका कोपऱ्यात सगळ्यांचे कोट सांभाळत उभे राहणारे गृहस्थ. ठोकळ्याला क्षणभर बरं वाटलं. चला, म्हणजे हे बाबा नाहीत.

रात्री जेवताना त्याने ताईला सहज विचारलं, बाबा गुरुवारी नक्की कुठे जायचे.

ताईने चहाचा कप दोन्ही हातांत धरला होता. जेवणाबरोबर चहा ती पूर्वी कधी घेत नसे. ती खाली बघून म्हणाली, "नाचाच्या क्लासला. म्हाताऱ्यांसाठी असतो ना, तिकडे. ठोकळ्याला सांगू नको म्हणाले होते."

"का?"

"तू हसशील म्हणून."

यावर खरं तर हसायला हवं होतं. किंवा रडायला. त्याने भात संपवला.

दुसऱ्या दिवशी त्याने पुढच्या नोंदी उघडल्या. बाबा गेले त्या तारखेच्या. पहाटेपर्यंत रेषा झोपलेल्या माणसाची होती. मग ती उतरायला लागली. धाडकन नाही... गोल वळण घेत, सावकाश, कपातला चहा निवतो तशी. दुपारपर्यंत सपाट झाली.

त्यानंतर खोली खरोखर रिकामी होती. पुढचे काही आठवडे मॉडेलही रिकामं, खोलीही रिकामी. सगळं जुळत होतं. 

मग उन्हाळा संपता संपता रेषा पुन्हा जराशी वर आली.

पहाटे उठणारं कुणीतरी. उठल्या उठल्या अंगमेहनत करणारं. दुपारी परत येऊन झोपणारं. सोमवारी उशिरा उठणारं.

बेकरीला सोमवारी सुट्टी असते.

ताईचा दिनक्रम भरून बघायची गरज नव्हती.

त्याने भरून बघितला.

पाव माणूस. ताज्या नोंदींत पावापेक्षा जरा जास्त.

त्याने टाचणीला बोलावून सगळं सांगितलं. त्याच्या नेहमीच्या आवाजात, म्हणजे बस चुकली हे सांगावं त्या आवाजात. टाचणीने आधी त्याच्याकडे बघितलं, मग पडद्याकडे. तिला चेष्टा करायची होती, पण ती आकड्यांची माणूस होती. तिने स्वतः दोनदा चालवून बघितलं. मग तिने आपली खुर्ची त्याच्या खुर्चीपासून थोडी लांब सरकवली. मग ते बरं दिसत नाही म्हणून परत जवळ आणली.

ठोकळ्याचं म्हणणं एवढंच होतं की एसी बंद करायचा. हा एसी गरमी ओढतोय, म्हणून ती येतेय.

टाचणीने मान हलवली.

"एसी काही ओढून आणत नाही रे. खोलीत आलेलं उचलतो आणि बाहेर टाकतो. खोलीत येतं कुठून, ते त्याला काय माहीत. तू बंद केलास आणि तिकडे उलटंच काही झालं तर?"

 बाबांच्या वेळी एसी चालूच होता आणि बाबा गेले. बंद असता तर काय झालं असतं, हे कुठल्याच मॉडेलमध्ये घालून बघता येत नव्हतं. बहिणीचं वर्ष चालवून बघायची सोय नव्हती.

आणि अहवाल त्या शुक्रवारी द्यायचा होता. त्यात ती ओळ गेली की लगेच कुणीतरी बटण दाबणार होतं.

दुपारी दोघं तिथे गेली.

इमारतीचा व्यवस्थापक जेवून सुस्तावला होता. त्याने खोलीची किल्ली दिली आणि सांगितलं की तिथे काही नाही, जाऊन काय करणार. मागच्या गल्लीत त्या एसीचं बाहेरचं युनिट होतं, ते टाचणीने जाता जाता दाखवलं. त्याच्यासमोर मांजरं दाटीवाटीने झोपली होती. बाकीच्या युनिटांसमोर एकही नव्हतं. ती थंडीमुळे आतल्या खोल्या गरम करत होती, त्यामुळे त्यांतून बाहेर गार वारा येत होता.

यातून कोमट येत होता.

ठोकळा थोडा वेळ थांबला. एका पिवळट मांजराने डोळा उघडून त्याच्याकडे बघितलं आणि मिटला. गेल्या थंडीत या मांजरांनी बाबांवर दिवस काढले, असा विचार त्याच्या मनात आला. त्याला वाईट वाटलं नाही. निदान कुणाच्या तरी उपयोगी पडले.

खोली उघडली.

आत काहीच नव्हतं. भिंतींत तारांची भोकं. फरशीवर यंत्रांच्या पायांचे चौकोनी डाग. छताला एक दिवा, तोही गेलेला. जिन्यातला उजेड दारातून येत होता तेवढाच. वर एसी घरघरत होता. ऐकत राहिलं तर त्या घरघरीत चढउतार होते...

जसा कुणाचा तरी श्वास. पण एसीचा आवाज तसाच असतो, असं टाचणी म्हणाली. ती हे दोनदा म्हणाली.

तिने गरमी दाखवणारा कॅमेरा काढला आणि भिंतीवरून फिरवला. पडद्यावर सगळी खोली निळी. निळी भिंत, निळी फरशी, निळं दार.

समोरच्या भिंतीशी येऊन तिचा हात थांबला.

जमिनीपासून थोडा वर, भिंतीवर एक पिवळा डाग होता. भिंतीला टेकून कुणी खाली बसलं तर पाठ लागेल, तिथे. तेवढाच.

फरशीवर त्याच्या पुढे दोन लहान डाग.

टाचांचे.

टाचणीने विचारलं, ताई आत्ता कुठे असेल. ठोकळ्याने फोन लावला. ताई त्या दिवशी अजून बेकरीतच होती, घरी निघायच्या आधी मागच्या खोलीत जरा टेकली होती. अंगावर शाल होती, दात वाजत होते, बोलणं तुटत होतं. तिने विचारलं, काय काम. त्याने सांगितलं, काही नाही, सहज. सहज फोन करणाऱ्यांतला तो नव्हता, त्यामुळे तिला काळजीच वाटली.

बोलता बोलता तो भिंतीशी गेला. त्या डागावर हात ठेवला. भिंत कोमट होती. ताप उतरत आलेल्या अंगासारखी.

मग तो वळला आणि तिथे पाठ टेकून खाली बसला.

का बसला, हे त्याला आजही सांगता येत नाही. बसायला दुसरी जागा नव्हती, असं तो म्हणतो.

फोनवर ताई काहीतरी सांगत होती, उद्या दूध आणायचंय वगैरे. बोलता बोलता ती थांबली...

"अरे, बरं वाटलं एकदम."

त्याने फोन कानाशी घट्ट धरला.

"थंडी गेली बघ. आत्ता, या मिनिटाला. भट्टीचं दार उघडलं की काय कुणी."

तो उठून उभा राहिला. पलीकडे शाल ओढून घेतल्याचा आवाज आला. पुन्हा दात वाजायला लागले. तो परत बसला. दात थांबले. टाचणी कॅमेरा धरून उभी होती आणि तिचा चेहरा पडद्याच्या उजेडात निळा दिसत होता. तिने मानेनेच सांगितलं, पुरे.

त्याला स्वतःला काय वाटलं, हे टाचणीने नंतर विचारलं. तो म्हणाला, काही नाही. पाठीला गार लागलं एवढंच.

भिंत कोमट होती, तरीही.

अहवालात त्याने ती ओळ लिहिली नाही. त्या जागी लिहिलं, खोली वापरात आहे, एसी चालू ठेवावा. साहेबांनी भुवया उंचावल्या. त्याने सांगितलं की या इमारतीच्या पुढच्या मोजमापासाठी कुणीतरी तिथे बसायला लागेल, मी बसतो. आपल्या ऑफिसात तसंही खुर्चीला खुर्ची लागते. साहेबांचं एक टेबल मोकळं होत होतं, त्यांनी पुढे विचारलं नाही. व्यवस्थापकाने दिवा बदलून दिला आणि एक जुनी गादी दिली. खुर्ची नको म्हणणारा भाडेकरू त्याने पहिल्यांदाच बघितला.

टाचणीने मात्र त्याला जिन्यात गाठलं. ती म्हणाली की तू काय करतोयस ते तुला कळतंय ना, मला उल्लू बनवू नकोस.

तो म्हणाला, "बाबांना थंडी वाजायची तेव्हा मी रोज त्यांच्यासमोर बसायचो. लॅपटॉप घेऊन. ते म्हणायचे, जरा जवळ ये. मी म्हणायचो, हे एक मॉडेल जुळवतो आणि येतो."

एवढं बोलून त्याने तिला विचारलं की आज संध्याकाळी मीटरच्या नोंदी पाठवशील ना.

तेव्हापासून तो तिथे बसतो. गादीवर, भिंतीला टेकून, मांडीवर लॅपटॉप. इतर इमारतींची मॉडेलं करतो. काम चांगलं होतं, कुणी फिरकत नाही.

ताई बरी झाली. आठवडाभरात शाल गेली, मग स्वेटर गेला. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या, सगळं श्रेय त्यांना मिळालं. ती त्या गोळ्या आता सगळ्यांना सुचवत फिरते. मालकाने तिला बढती दिली. मधे तिने घरात आरसा आणून लावला आणि मोठ्याने गाणी लावायला लागली. एकदा ठोकळा घरी आला तेव्हा ती स्वयंपाक करता करता हसत होती, एकटीच, काहीतरी आठवून. तो दारात थांबून ऐकत राहिला. बाबा गेल्यापासून हा आवाज घरात नव्हता.

नोंदींतून ताईची रेषा गेली. पहाटेची मेहनत नाही, सोमवारचं उशिरा उठणं नाही. खोलीत दिवसा एक माणूस. बसलेला. टाइप करणारा. तो स्वतः. मॉडेल पहिल्यांदाच अगदी खरं होतं. संध्याकाळी तो उठून घरी जायचा आणि रेषा खाली यायची.

सुरुवातीला पूर्ण खाली यायची.

मग एका संध्याकाळी टाचणीने नोंदी पाठवल्या आणि पाठोपाठ फोन केला. तो घरी होता, ताई समोर जेवत होती. टाचणीचा आवाज हळू होता. तिने विचारलं, खोलीत कुणाला बसवून आलायस का.

त्याने लॅपटॉप उघडून पडद्याकडे बघितलं. कुलूप लावल्यानंतरही रेषा शून्यावर टेकत नव्हती. फार नाही. दशांशभर वर होती. जेवणाऱ्या माणसाची चाल होती. समोरचा घास त्याने तोंडात घातला आणि हळूहळू चावला.

"हो," तो म्हणाला.

 टाचणी म्हणाली की हे ती कुणाला दाखवणार नाही, पण एक दिवस ती येऊन त्याला त्या गादीवरून उचलून नेणार आहे, ओढत न्यावं लागलं तरी. तो म्हणाला, बघू. ती अजून म्हणते. तो अजून बघू म्हणतो. पण तो तिथून कायमचा उठला तर ताईला काय होईल, हे तिलाही सांगता येत नाही, म्हणून ती नुसतीच जिन्यापर्यंत येते.

आता थंडी पुन्हा तोंडावर आली आहे. ताज्या नोंदी पाव माणसाच्या पुढे गेल्या आहेत. नोकरीत सगळेच आपला थोडा भाग ऑफिसात ठेवून येतात, आपण मोजतो एवढाच फरक, असं तो म्हणतो. हा त्याचा विनोद आहे. सांगताना त्याने हाताची बोटं काखेत धरलेली असतात.

घाबरला आहेस का, असं विचारलं तर तो थोडा विचार करतो. खरंच विचार करतो. मग म्हणतो की घाबरल्यावर पोटात काहीतरी होतं असं ऐकून आहे, तसं काही होत नाही. काहीच होत नाही. गेल्या महिन्यापासून तर चहा गरम आहे की नाही तेही जिभेला कळत नाही.

फक्त एक गोष्ट त्याला खटकते. ती सांगताना तो आवाज खाली आणतो.

रोज संध्याकाळी तो लॅपटॉप मिटतो, दिवा घालवतो, बाहेर येतो, कुलूप लावतो. किल्ली खिशात टाकतो. जिना उतरायला लागतो. आणि पहिल्याच पायरीवर त्याला मागे, बंद दाराच्या आत, ऐकू येतं...

कुणीतरी बसल्या जागी जरा सरकून, पाठ नीट टेकून घेतल्याचं.

तो थांबतो. वळत नाही. दोघांतलं कोण घरी निघालंय, हे नक्की ठरेपर्यंत तो कठड्याला धरून उभा राहतो.

हल्ली त्याला तिथे बराच वेळ लागतो.